अनुभव धागा : आलेलं झाड, दिलेलं झाड आणि मधला नवतपा

विदर्भात राहून केळी, धोपा (अळू), मिरीचा वेल, ब्रह्मकमळ, अँथुरियम असलं काही लावायची हौस असणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. "उष्ण कटिबंधातलं झाड, उन्हाची काळजी नको" असं जिथे तिथे वाचायला मिळतं. लिहिणारा आपल्याकडे मे महिन्यात राहून गेलेला नसतो. या झाडांना उष्णता चालते, पण तिच्यासोबत हवेत ओलावा लागतो. आपल्याकडे पारा ४५ च्या वर आणि हवा अशी कोरडी की दोरीवर टाकलेलं लुगडं दुसरं पिळेपर्यंत वाळतं. त्यात २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागलं की नवतपा, सगळ्यात तापणारे म्हणतात ते नऊ दिवस. कोकणातून आणलेलं रोप आधी या झळांनी जातं, ऊन नंतर.

म्हणून विचारते : तुमच्या परसातलं असं कोणतं झाड कुणाकडून आलं, आणि उन्हाळा त्याने कसा काढला? पुढे कुणाला दिलं असेल तर तेही लिहा. नर्सरीचे दर आणि 'माझ्याकडे किती जाती' हे इथे नको.

सुरुवात माझ्यापासून. यवतमाळ जिल्हा, काळी भारी जमीन. आमच्या न्हाणीच्या पाटाशी धोपा आहे. त्याचा गड्डा सासूबाईंना त्यांच्या ईहीणबाईंनी दिला, म्हणजे माझ्या आईने. मेमध्ये पानं तळहाताएवढी होतात, काही वर्षी दिसतही नाहीत. गड्डा मात्र न्हाणीच्या ओलीवर जिवंत असतो आणि मृगाचे दोन पाऊस झाले की सुपाएवढी पानं काढतो. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, आंबील, धोप्याच्या वड्या, जेवायला केळीचं पान. त्या दिवशी सकाळपासून अर्धी गल्ली आमच्या परसात. पान मागायला येणारीला मी गड्डाही देते. पुढच्या वर्षी ती पुन्हा पानंच मागायला येते, ते वेगळं.

अंजनगाव सुर्जीहून

आमचं घर पानमळेवाल्यांचं. नागवेल ही मुळात दमट मुलखातली, तरी आमच्याकडे आणि अकोटकडे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कशी, ते सांगतो, कारण परसबागेलाही तेच लागतं.

मळ्यात आधी शेवरी, हादगा, पांगारा दाट लावायचे आणि त्यांच्यावर वेल चढवायचा. चारी बाजूंनी तट्ट्या, पऱ्हाट्या, केळीची वाळकी पानं जे मिळेल त्याचा कूड घालायचा. पाणी थोडं थोडं, पण वारंवार. भर मेमध्ये मळ्यात शिरून पाहा, अंगावरचा घाम वाळत नाही. तोच दमटपणा वेलाला हवा असतो. लेंडी पिंपळीही अशाच सावलीत होते. तिची फळं विकली जातात, मुळ्याही पिंपळमूळ म्हणून जातात.

आता लोक काय करतात? हिरवी जाळी आणतात आणि डोक्यावर ताणतात. बाजू उघड्याच. वरून सावली आणि पश्चिमेकडून भट्टी! जाळी एकच असेल तर ती पश्चिमेला उभी लावा. त्याच्याही आत तुराट्यांचा कूड घातला तर आणखी बरं. वरची सावली हादगा, मुनगा (शेवगा) देतील, पण ते एक पावसाळा आधी लावायला हवेत. आजोबा नागवेलीचं कलम मागायला आलेल्याला म्हणत, "वेल नेजो, पन पयले सावली कर." सावली नसली तर ते हातात कलम देत नसत. लोकांना राग यायचा.

कलम शेंड्याकडचं, तीन-चार पेरांचं घ्यावं, दोन पेरं मातीत जाऊ द्यावीत. पिंपळीचंही तसंच. मी दरवर्षी पावसाळ्यात देतो. उन्हाळ्यात मागितलं तर आजोबांचाच नातू आहे मी.

समुद्रपूर तालुक्यातून (वर्धा)

माझ्या बागेला उन्हाळ्याचा त्रास नाही, कारण उन्हाळ्यात ती जमिनीवर नसतेच. हळद, आंबेहळद, आलं, सुरण. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून मान टाकतात, मग खणायचं. खायचं ते वेगळं, बेण्याचे निवडक गड्डे घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात कडुलिंबाच्या पाल्याखाली. पाऊस लागला की परत मातीत. वायगाव आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरचं बेणं त्याच्या कितीतरी आधी आत्याबाईंनी पदरात बांधून आणलेलं आहे.

एक बोलायचं होतं. हल्ली संक्रांतीच्या वाणात रोपं वाटतात. हौस चांगली आहे, पण जानेवारीत दिलेलं कोवळं रोप मूळ धरतं न धरतं तोच ऊन तापायला लागतं. होळीनंतर किती घरी ती रोपं दिसतात ते बघा. त्यापेक्षा वाणात आंबेहळदीचं बेणं द्या, कागदाच्या पुडीत. ते मृगापर्यंत निवांत पडून राहतं आणि घेणारीला पाणी घालायची आठवणही ठेवावी लागत नाही.

अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातून

वर अंजनगावकर 'पाणी थोडं थोडं, वारंवार' म्हणतात. आमच्या विहिरीचं पाणी वारंवार घातलं तर झाड लवकर मरतं! पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांना हे सांगायला नको. पाणी खारं, पानांच्या कडा करपतात, कुंडीतल्या मातीवर पांढरा थर चढतो.

आम्ही टिनाच्या छपराचं पावसाचं पाणी टाक्यांत धरतो. ते फक्त कुंड्यांना. जमिनीत लावायचं ते मिठाला दाद न देणारं : चिकू, चिंच, बोगनवेल. चिकूचं कलम मामांनी दिलं, भर सभेत सांगतो की गावात त्याच्याएवढी गोड फळं कुणाकडे नाहीत. दुसरं एक करतो : पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की झाडून सगळ्या कुंड्या पन्हळीखाली. खालच्या भोकातून भळाभळा पाणी जाऊ द्यायचं. उन्हाळाभर साचलेलं मीठ त्यात धुऊन जातं. भोक बुजलेलं असेल तर ते आधी मोकळं करा, नाहीतर उलटंच.

अँथुरियम एक आलं होतं भेट म्हणून. ते बहिणीला दिलं, तिच्याकडे नळाला गोडं पाणी. आता तिथे फुलतं आणि इकडे फोटो येतात.

यवतमाळहून (धागा काढणारी)

कुंडीचा विषय निघालाच आहे तर : काळी माती तशीच कुंडीत भरू नका. वाळली की ती आकसते, कुंडीच्या कडेने फट पडते, आणि पाणी मुळांना न भेटता त्या फटीतून थेट खाली जातं. वरून घालणाऱ्याला वाटतं, झाड भरपूर प्यायलं. बारीक मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. वर सोयाबीनचं कुटार पसरा, बोटभर जाड.

अर्जुनी मोरगावकडून (गोंदिया)

आमचा विदर्भ तुमच्यापेक्षा ओला. पाऊस जास्त, तलाव जवळ, धानाची जमीन. घरामागच्या सांदवाडीत फणस, केळी, कोचई (अळूचाच प्रकार), सुरण हे असायचंच, ते लावलं कुणी हे विचारायची पद्धत नाही. माझं लाडकं झाड करांदा. मांडवावर चढणारा वेल, हृदयाच्या आकाराची मोठी पानं, आणि पानांच्या बगलेत लटकणारे बटाट्यासारखे कंद. हिवाळ्यात वेल वाळतो, उन्हाळाभर दिसत नाही, पहिल्या पावसाला जमिनीतून कोंब वर. वाटायला याच्याइतकं सोपं काही नाही : खाली पडलेले छोटे कंद पोरांना वेचायला लावायचे आणि बाजाराच्या दिवशी पिशवीत टाकून न्यायचे. भाजीवाल्या काकूंना दिला, त्यांनी त्यांच्या जावेला दिला. तिच्या गावात आता बऱ्याच मांडवांवर आहे म्हणतात. घरचा लावलेलाच द्या मात्र. रानातले काही करांदे फार कडू असतात, त्यांचं कडूपण काढायची रीत माहीत असणाऱ्यांनीच त्यांच्या वाटेला जावं.

केळीचा मुनवा (बुंध्याशी फुटणारा कोंब) देताना तलवारीसारख्या अरुंद पानांचा निवडा. शेजारीच रुंद पानांचे गोंडस पाणकोंब असतात, मागणारा नेमकं त्याच्याकडे बोट दाखवतो. त्याचं झाड दुबळं होतं. आळ्यात धानाची तणस घालतो, पण बुंध्याला टेकू देत नाही, उधई (वाळवी) चढते.

पपईबद्दल विचारू नका. पिकायला लागली की वांदरांना आमच्याआधी कळतं. माझी माय तर म्हणते, "लाव बापा, त्यायचंबी पोट हाय." मी लावणं थांबवलंय.

भंडारा जिल्ह्यातून

थोडं कडू लिहितो. सगळे देण्याचं कौतुक करताहेत. आमच्या गावातल्या मालगुजारी तलावाच्या (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) काठाने बेशरम माजली आहे. तीही उष्ण कटिबंधातलीच, अमेरिकेकडची. फुलं जांभळट, देखणी. काडी फेकली तरी जगते. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लोकांनी कुंपणाला लावली, एकमेकांना काड्या दिल्या. चाऱ्याच्या टंचाईत बकऱ्या ती खातात आणि सवय लागली की दुखणाईत होतात. काठावरची मासळीची जागा गेली. जलपर्णीचंही तेच, कुणीतरी फुलासाठीच एखाद्या टाक्यात सोडलेली असते. रायमुनियाने (घाणेरीने) तर जंगलाच्या कडा धरल्या.

तेव्हा जे झाड मागितल्याशिवाय वाढतं, ते मागितलं तरी देऊ नये असं माझं मत. निदान पाण्याजवळ राहणाऱ्याला तरी नाही. इथल्या कुणाला पटणार नाही, चालेल.

वरुडहून

भंडाऱ्याच्या भाऊंना माझा पाठिंबा, कारण वेगळं. संत्र्याचा भाग आमचा. परसातला लिंबू, संत्रा कुणी मुळासकट मागितला तर मी नाही म्हणतो. डिंक्याची (खोडातून डिंक गळतो त्या रोगाची) बुरशी मातीतून जाते, रोपाच्या मुळाशी चिकटलेली मूठभर माती दुसऱ्याच्या बागेला पुरते. संत्र्याचं कलम जंबेरी किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर बांधलेलं, रोगमुक्त असं खात्रीच्या जागेहूनच घ्यावं, आणि लावताना कलमाचा जोड मातीत गाडू नये.

जाम (पेरू) आणि डाळिंब मात्र मी गुटी बांधून देतो. जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं मॉस गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात, मग खालून कापायची. ज्याला द्यायचं त्याच्याच हाताने बांधून घेतो, मग तो मुळं बघायला येत राहतो आणि आमचा चहा संपतो.

ब्रह्मपुरीजवळून, निवृत्त शिक्षक

आमच्या भागाचं नाव उन्हाळ्यात ४६-४७ अंशांच्या बातम्यांत नेहमी असतं. तरी माझ्या ओसरीत ब्रह्मकमळ आहे. हे मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड, तिथल्या जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. म्हणजे काटेरी कुळातलं असलं तरी उघडं ऊन त्याला नको. पाण्याच्या रांजणाशेजारी ठेवतो. रांजण पाझरतो, आजूबाजूची हवा गार राहते. पाणी उन्हाळ्यात बेताचंच. दिवाळीच्या सुमारास शाळेतल्या एका सहकारी बाईंनी एक पान दिलं होतं, तेवढ्यावरच हे झाड उभं आहे. पान जून घ्यावं, कापलेली कड सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्यावी, मग भुसभुशीत मातीत जेमतेम टेकवावं. खोल खुपसलं की कुजतं.

पावसाळ्यात कळी मान वर करते त्या संध्याकाळी शेजारी निरोप जातो. नऊ-दहाच्या सुमारास फूल उघडतं, सकाळी गळून लोंबतं. रात्री जमलेले सगळे पान मागतात, आणि तेव्हाच तोडायला नको असतं. मी नावं लिहून ठेवतो. विद्यार्थ्यांची यादी करायची सवय मोडत नाही.

वाशीम जिल्ह्यातून

माझं माहेर सिंधुदुर्ग, इथे नवी आहे. मेमध्ये माहेरी जाणार, येताना मिरीचा वेल आणायचा विचार आहे. सासरे म्हणतात जगणार नाही. घरामागे विहिरीजवळ मोठा आंबा आहे. आणू का?

अंजनगाव सुर्जीहून

मेमध्ये नका आणू, ताई. जुलैत कुणी येणार असेल तर त्यांच्या हाती मागवा. आंब्याच्या उत्तर बाजूला लावा, म्हणजे दुपारचं ऊन खोडावर पडत नाही. पश्चिमेला कूड, हे मी आता किती वेळा म्हणू! वेल जगेल. मिरी किती लागेल याची हमी देत नाही, इथे पावसाळा संपला की हवा लगेच कोरडी पडते. सासऱ्यांना पहिलं नवं पान दाखवा, तेवढ्यावर ते पाणी घालायला लागतील.

यवतमाळहून

आणि प्रवासाचं : बुंध्यापासून निघणाऱ्या जमिनीवरच्या फांद्यांची कलमं घ्या, पानं निम्मी कापा, ओल्या गोणपाटात गुंडाळून वर केळीचं पान बांधा. एसटीच्या डिकीत टाकू नका, तिथे ती शिजतात. पायाशी ठेवा. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायला लागला तर एक कलम त्यालाही द्या, पण घरी सावली आहे का ते आधी विचारून.