कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पर्यटकांनी तिथे असावं का? (वेळास, आंजर्ले, गुहागर)

पुळणवाट
फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात आणि ती बघायला पुण्या-मुंबईहून माणसं येतात. माझं म्हणणं सरळ आहे: पिल्लं सोडताना पर्यटक नकोत. किनारा बंद करा असं मी म्हणत नाही. पुळणीवर मनसोक्त चाला, बाणकोटचा किल्ला बघा, फेरी बोटीने सावित्रीची खाडी ओलांडून हरिहरेश्वरला जा. एवढी एक वेळ मात्र पिल्लांकडे राहू द्या.

अडचण वेळेचीच आहे. अंडं फुटलं की पिल्लू लगेच वर येत नाही. सगळी मिळून वाळूतून हळूहळू वर सरकतात आणि वरचा थर थंड झाला की एकदम बाहेर पडतात. हे बहुधा रात्री किंवा पहाटे होतं. बाहेर पडल्यावर अंगात जो जोर असतो तो पहिल्या काही तासांचा. त्याच जोरावर लाटा ओलांडून खोल पाणी गाठायचं असतं. रात्री दोनला वर आलेलं पिल्लू सकाळी सातच्या पर्यटकांसमोरच्या कार्यक्रमापर्यंत घरट्यावर घातलेल्या टोपलीखाली राहिलं, तर तो जोर टोपलीच्या कडेला धडका देण्यात संपतो. वर उजेडात घारी, कावळे आणि कुरव टपलेले असतातच. सकाळचे सात ही कासवाची वेळ नाही, आपली आहे.

बाणकोट खाडी
तुमचं शास्त्र बरोबर, पण हिशेब अर्धाच मांडलात. संवर्धन सुरू होण्याआधी या किनाऱ्यांवर घरटी उकरून अंडी नेली जायची. माणसाच्या हातून सुटली तर कुत्री आणि कोल्हे होतेच. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन काम उभं केलं, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घरांतच राहू-जेवू लागले. ज्याला पूर्वी अंडी विकण्यासाठी माग काढता यायचा, तोच माणूस आज राखणीसाठी माग काढू शकतो.

हे काम काय असतं तेही सांगतो. नोव्हेंबर ते मार्च, रात्री आणि पहाटे अख्खी पुळण पायी पालथी घालायची. मादीचा माग साधारण दोन-अडीच फूट रुंद, एक येण्याचा आणि एक जाण्याचा. दोन्ही जिथे मिळतात तिथली वाळू विस्कटलेली असते. काठी अलगद दाबत गेलं की एका जागी ती सहज आत जाते, तिथे अंडी. काठी जोरात खुपसली तर अंडी फुटतात. हे अंगमेहनतीचं काम निव्वळ भूतदयेवर वर्षानुवर्षं चालत नाही. सकाळचा कार्यक्रम काढला तर शनिवार-रविवारी घरं भरणार नाहीत.

कवच_बलक
दोघांच्या बोलण्यात हॅचरी, म्हणजे सापडलेली अंडी आणून पुरायची पुळणीवरची कुंपण घातलेली जागा, गृहीत आहे, म्हणून थोडं तिच्याबद्दल. अंडी सापडली की काही तासांतच हलवावी लागतात. त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या वरच्या बाजूला चिकटतो आणि मग अंडं उलटंपालटं झालं की दगावतो. म्हणून अंडं ज्या बाजूने उचललं त्याच बाजूने ठेवायचं आणि बादलीत तळाशी त्याच घरट्यातली ओली वाळू घालायची. नवा खड्डा मादीने केला तसाच हवा: सुमारे दीड फूट खोल, मडक्यासारखा, वर अरुंद आणि खाली फुगीर. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. दोन खड्ड्यांत एक मीटर अंतर सोडायचं, नाहीतर शेजारच्या घरट्याची ऊब लागते. वर पाटी लावून तारीख आणि अंड्यांची संख्या लिहायची.

उबेचा मुद्दा किरकोळ नाही. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. एकोणतीस-तीस अंशांच्या आसपास तराजू फिरतो, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त. हॅचरी दरवर्षी त्याच जागी, उघड्या उन्हात ठेवली तर दोन चुका एकदम होतात: जुन्या कवचांमुळे वाळूत बुरशी आणि किडे वाढतात, शिवाय सगळी बॅच एकाच लिंगाकडे झुकते. जागा दरवर्षी बदलावी, काही ओळींवर सावलीचं जाळं टाकावं. गर्दीवरून जेवढे वाद होतात, तेवढं लक्ष इथे कुणी दिलं तर पिल्लांचं जास्त भलं होईल.

आणि पुळणवाट, टोपलीचा दोष पर्यटकांच्या माथी मारू नका. अंडी पुरल्यापासून पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास टोपली घातली की दर दोन तासांनी बघायला माणूस लागतो. तो नसेल, तर पर्यटक एकही नसला तरी पिल्लं सकाळपर्यंत आतच राहणार.

सुरूबन
ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला कासवं लाखांनी येतात. आपल्याकडे एक-एक मादी सुटी येते. एवढ्याशा संख्येसाठी इतका काटेकोरपणा कशाला? मुलांनी चार पिल्लं बघितली तर बिघडलं काय?

पुळणवाट
@सुरूबन, दोन्ही किनारे वेगळे समजू नका. २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली मादी (क्रमांक ०३२३३) २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून ती आपल्या पुळणीवर आली. वेळासला २०२२ च्या जानेवारीत 'प्रथमा' नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला, तेव्हापासून इथल्या कासवांचा प्रवास थोडाफार कळू लागला आहे. अंडी घालण्याच्या या जागा सीआरझेड-१अ मध्ये, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या सर्वांत संवेदनशील गटात येतात आणि कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. संख्या कमी आहे म्हणूनच एकेक घरटं मोलाचं.

लाटरेघ
मला बंदी नको, शिस्त हवी. पिल्लू जेमतेम दीड इंचाचं. ओल्या वाळूतला माणसाच्या टाचेचा खड्डा त्याच्यासाठी भिंतच: आत पडतं, उताणं होतं, पाय हलवत राहतं. म्हणून आधी दोरी बांधून पाण्यापर्यंतचा पट्टा मोकळा करायचा, फळीने वाळू सपाट करायची आणि मगच टोपली उलटायची. पिल्लं पाण्याच्या काठावर नेऊन ठेवू नयेत. वाळूवरची ती चाल त्यांना हवीच. लोक दोरीच्या मागे आणि बाजूने. समुद्राच्या बाजूला कुणीही नको, फोटोवालेसुद्धा. फ्लॅश, टॉर्च, मोबाइलचा दिवा सगळं बंद. पिल्लं उजळ बाजूकडे वळतात, समुद्राची दिशा त्यांना तशीच सापडते. अंधारात मागून पांढरा दिवा पडला की निम्मी परत हॅचरीकडे. पुळणीवर गाडी तर नकोच नको. चाकोरीत शिरलेलं पिल्लू बाहेर न पडता चाकोरीनेच चालत राहतं, मग कुर्ल्या आणि कावळे काम उरकतात.

बिघडतं कुठे? पहिलं पिल्लू पाण्याला लागलं की मागचे लोक दोरी ओलांडतात, नेमकं तेव्हाच. शेवटचं पिल्लू लाटेत जाऊन दहा मिनिटं होईपर्यंत दोरी सोडू नये. लाटेने परत फेकलेली पिल्लं या दहा मिनिटांतच पायाखाली येतात.

कातळकडा
धाग्याच्या सुरुवातीला "हरिहरेश्वरला जा" असं सहज लिहिलंय, त्यावर हरकत आहे. तिथल्या देवळाच्या प्रदक्षिणेची वाट घळीतून पायऱ्यांनी थेट लाटांच्या कातळावर उतरते. भरतीच्या वेळी तिथून माणसं ओढली गेली आहेत. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा: सहाला भरती, बाराला सुकती (पूर्ण ओहोटी). पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती, तीही उधाणाची. म्हणजे सकाळी पिल्लं बघून, न्याहारी आटोपून, फेरीने पलीकडे जाईपर्यंत नेमकं उधाण गाठणार. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतोच, म्हणून वेळ छापील कोष्टकातून पडताळून घ्या. सुकतीआधी दीड तास उतरायचं आणि पाणी वळलं की वर यायचं. हिरवट शेवाळ असलेल्या कातळावर पाय नको, खडबडीत काळ्या कातळावर ठेवा.

आणि गर्दी इथे वळवली तर डबक्यांतल्या जिवांचं काय? दगड उलटा करून तसाच टाकला की त्याच्या खालचं सगळं उन्हात मरतं. रिकामा दिसणारा शंखही उचलू नये, शंखातल्या खेकड्याला तेवढंच घर असतं. ओझं एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर ढकलण्यात काय अर्थ?

पुळणवाट
भरतीचा मुद्दा मान्य, ते मी लिहायला हवं होतं. मागणी जरा बदलतो. पिल्लं रात्रीच, वर येतील तशी, मंद लाल दिव्यात कासवमित्रांनी (घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांनी) सोडावीत. पर्यटकांना दिवसा घरटं उकरताना दाखवावं. पिल्लं गेल्यावर काही दिवसांनी ते उकरतातच: फुटलेली कवचं, न फुटलेली अंडी, आत अडकलेली पिल्लं, सगळं मोजून लिहितात. कधीकधी तळाशी एक-दोन जिवंतही सापडतात. शिकण्यासारखं खरं तिथे आहे, आणि त्याची वेळ आपण ठरवली तरी कुणाचं नुकसान नाही.

बाणकोट खाडी
रिकामी कवचं बघायला कुणी मंडणगडचा घाट उतरून येणार नाही. तरी मधला मार्ग आहे. रात्री वर आलेली पिल्लं रात्रीच सोडा. संध्याकाळी ऊन कलल्यावर किंवा पहाटे उजाडता उजाडता जी आपणहून वर येतील, तेवढीच लोकांसमोर. पाहुण्यांना खोली देतानाच सांगायचं, पिल्लं दिसतील याची हमी नाही. रात्रपाळीच्या माणसाचा पगार खोलीच्या भाड्यातून वेगळा काढायचा.

पुळणवाट
हमी नाही हे पाहुण्यांना सांगणारी घरं आजही आहेत. पण दोनशे किलोमीटर येऊन दोन सकाळी रिकाम्या गेल्या की तिसऱ्या सकाळसाठी चार पिल्लं राखून ठेवायचा मोह होतो. रात्री किती वर आली, किती वाजता सोडली, याची वही रोज हॅचरीच्या कुंपणावर टांगा. ती टांगायला गाव तयार असेल तर माझा विरोध संपला.

बाणकोट खाडी
वही टांगायला हरकत नाही. वेळेचा रकाना मात्र पहाटे तीनला जागा असलेला माणूसच भरणार, आणि त्याला पैसे द्यावे लागतील. माझं म्हणणं तिथेच आहे.