उत्तर दिल्यावर प्रश्नच बदलला! तुमचे अनुभव सांगा

आज सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी विचारलं, "रात्री लिफ्ट बंद ठेवली तर चालेल का?" मी लगेच, "चालेल की, हरकत काय!" दहा मिनिटांनी पाहते तर 'रात्री'चं 'आठवडाभर' झालेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर 15 मिनिटं मेसेज बदलता येतो. 'एडिटेड' दिसतं, पण आधी काय होतं ते नाही.

त्यावरून जुनं आठवलं. लोक आपला कोड तपासायला टाकतात अशा एका साइटवर एका अनोळखी मुलाचा कोड रविवारची दुपार घालवून तपासला, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) एकदा जास्त फिरतोय हे दाखवलं. त्याने प्रश्नातला कोडच तिथल्या तिथे दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी तिसराच मला विचारतोय, "ही चूक कोडमध्ये आहेच कुठे?"

वारजेकरीण: श्रीखंड!! जाऊबाईंनी विचारलं अर्धा किलो चक्क्याला साखर किती. म्हटलं अर्धा किलो. मग त्यांनी चक्का पाव किलो केला. सगळ्या मलाच, काय मधुमेह करायचाय का

मिसळप्रेमी: चक्का घरचा का?

वारजेकरीण: घरचाच, रात्रभर नळाला टांगून

फेज_2_चा_हमाल: ऑफिसात एकाचा कोड तपासून अप्रूव्ह दिल्यावर त्याने त्यात अजून चार कमिट (बदल) ढकलले. प्रॉडक्शन (लोक वापरतात ती चालू सिस्टीम) पडलं तेव्हा नाव माझं. आता सेटिंगच लावलंय, नवे बदल ढकलले की जुनं अप्रूव्हल रद्द.

शांत_मुलगा: मी त्या मुलासारखाच. वाटलं, चूक सुधारली की शाबासकी मिळेल. कोणीतरी मूळ कोड परत आणून ठेवला, वर सांगितलं की सुधारलेला नवा प्रश्न म्हणून टाक, जुन्याचा दुवा दे. दोन दिवस रुसलो होतो. मग मी उत्तरं द्यायला लागलो आणि कळलं.

पेठेतला: आणि शुद्धलेखन? 'पाणि' दिसलं की माझा हात शिवशिवतो.

धागाकर्ती: वेलांटीला कोण अडवतंय! अर्थ बदलू नये इतकंच. पूर्वी पत्रात काही राहिलं तर खाली ता. क. लिहायचो, वरचा मजकूर खोडायचो नाही.

अभ्यासिका_सदाशिव: एमपीएससी बरी मग. आधी पहिली उत्तरतालिका, मग हरकती, मग अंतिम. प्रश्न चुकला तर रद्द, पण उघडपणे. (माझे दोन गेले त्यात, असो)

वारजेकरीण: अरेरे. पुढची कधी आहे?

मिसळप्रेमी: लिफ्टचं काय झालं पण

धागाकर्ती: बंद. मी पाचव्या मजल्यावर. माझ्या "हरकत काय"ला अठरा अंगठे आलेत.