अर्जंट - फुटलेल्या ताटलीचा रंग ओळखायला कुठलं गाइडबुक घेऊ?

सानपाड्याचा_सुम्या | मंगळवार, रात्री ११:४२
मंडळी पटकन सांगा. ताटली फुटलीये, तशीच दुसरी हवीये, शनिवारी माणूस निघतोय, त्याच्याबरोबर मागवायची आहे, पण रंगाचं नावच माहीत नाही म्हणून सगळं अडलंय. कलेक्टर लोकांचं एक गाइडबुक सेकंडहँड मागवलं, साडेनऊशे रुपये गेले, आख्खं पुस्तक दोनदा चाळलं, आमचा रंग त्यात नाहीच. सगळे रंग असतील असं गाइडबुक कुठलं? आणि कृपा करून गूगल कर म्हणू नका, तेच करून डोकं फिरलंय.

नौपाड्याची_नात | रात्री ११:५५
कसली ताटली? कंपनी कुठली? रंग कसा दिसतो? माणूस कुठून निघतोय? यातलं एक तरी लिहायचं होतंस.

झणझणीत_ठाणेकर | बुधवार, सकाळी ७:१०
जांभळी नाक्याला जा, भांड्यांच्या दुकानात तुकडा दाखव, मॅचिंग काढून देतात. आमच्या मुंजीच्या वेळी मी २ डझन कपबश्या अशाच जुळवल्या होत्या. एक डझन थोड्या पिवळट निघाल्या पण पंगतीत कोण बघतंय.

सानपाड्याचा_सुम्या | सकाळी ८:०२
अहो जांभळी नाक्याला नाही मिळणार. अमेरिकेची आहे. जाड, चकचकीत, काठाला गोल गोल रेघा. ६ ताटल्या ६ रंगांच्या. फुटली ती जांभळी. मागे फिएस्टा लिहिलंय. माणूस न्यूजर्सीहून निघतोय. आता सांगा.

कोपरखैरणे_काकू | सकाळी ८:३०
मी मागच्या वर्षी सगळं मेलामाईन केलं. पडू दे, आपटू दे, काही होत नाही. शिवाय फुटकं भांडं घरात ठेवू नये बाबा, आधी टाकून दे.

नौपाड्याची_नात | सकाळी ९:१५
काकू, टाकून दे काय!! सुमित, तुकडे अजिबात टाकू नकोस, मागचा शिक्का तर मुळीच नाही.
आता तुझ्या पुस्तकाचं सांगते. आत १९३६ पासूनचा माल आहे ना? लाल, निळा, पिवळा, हिरवा, हस्तिदंती, मग टर्कॉइज, आणि पुढे पन्नाशीतले राखाडी, गुलाबी वगैरे? मग ते जुन्या फिएस्टाचं गाइड आहे. तो माल १९७३ ला बंद झाला आणि त्यात जांभळा नव्हताच, तू दहादा चाळ नाहीतर शंभरदा. १९८६ ला कंपनीने फिएस्टा परत सुरू केलं, वेगळी माती, वेगळं ग्लेझ (वरचा चकचकीत थर), सगळे रंग नवीन. त्याची गाइडबुकं वेगळी निघतात, कलेक्टर त्या मालाला पोस्ट ८६ म्हणतात. चुकीचं पुस्तक घेतलंस, बाकी काही नाही.

सानपाड्याचा_सुम्या | सकाळी ९:२१
अरे देवा. कव्हरवर नुसतं फिएस्टा लिहिलेलं, मला वाटलं सगळंच असेल. मग आता दुसरं मागवू? शनिवारपर्यंत येतंय होय ते.

निवृत्त_नेरुळकर | सकाळी १०:४०
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच बोललेलं नाही. या कंपनीच्या जुन्या लाल रंगात युरेनियम ऑक्साईड असायचं. १९४३ मध्ये युद्धाच्या कामाला युरेनियम लागू लागलं म्हणून अमेरिकन सरकारने पुरवठा थांबवला आणि लाल रंग बंद झाला. १९५९ ला परत आणला तो डिप्लिटेड युरेनियम, म्हणजे अणुइंधनाचा भाग बराचसा काढून घेतलेलं युरेनियम, वापरून. मी अणुशक्तीनगरला ३० वर्षं काढली, अशा बशीवर किरणोत्सर्ग मोजायचा काउंटर धरला की कसा कडकडतो ते ऐकलेलं आहे. त्यात जेवू नये, आंबट तर अजिबात नको.

कोपरखैरणे_काकू | सकाळी १०:४४
बघा! मी म्हटलं ना टाकून दे.

नौपाड्याची_नात | सकाळी ११:०५
काका माहिती बरोबर आहे पण त्याची जांभळी आहे, लाल नाही, आणि ८६ नंतरची आहे. नव्या मालात ना युरेनियम ना शिसं. उगाच घाबरवू नका त्याला.

निवृत्त_नेरुळकर | सकाळी ११:३०
घाबरवत नाही, माहिती दिली. ८६ नंतरची आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? फोटो तरी पाहिलात का?

नौपाड्याची_नात | सकाळी ११:३८
जांभळा आहे यावरून, काका. पण बरं, खात्री करू. सुमित, ताटली उलटी कर. ज्या कडेवर ती बसते ती कड बिनग्लेझची, खरखरीत लागते का? जुन्या ताटल्यांना खालूनसुद्धा ग्लेझ असायचं आणि भट्टीतल्या आधाराच्या खिळ्यांचे ३ ठिपके उमटलेले असायचे.

सानपाड्याचा_सुम्या | दुपारी १:५०
ऑफिसात आहे, बायकोला विचारलं, कड खरखरीत आहे म्हणते, ठिपके नाहीत. फोटो टाकलाय. ट्यूबलाइटखाली काढलाय म्हणून निळी दिसतेय, प्रत्यक्षात निळी नाही.

झणझणीत_ठाणेकर | दुपारी २:०५
मला तर राखाडी दिसतेय. पण मी म्हणतो अरल्डाईट लाव ना, दोनच तुकडे झालेत. आमच्या आजीची बरणी तशीच चिकटवलेली, २० वर्षं लोणचं राहिलं तिच्यात.

पामबीच_पाखरू | दुपारी २:२०
जपानी लोक फुटलेली भांडी सोन्याने जोडतात, किती सुंदर दिसतात. मी वर्कशॉप केलंय वाशीला. जोड लपवायची नाही उलट दाखवायची. सुमित, तू करून बघच.

नौपाड्याची_नात | दुपारी २:२६
ठाणेकर, अरल्डाईटवर गरम आमटी? शोभेची ठेवायची तर ठेवा चिकटवून. पाखरू, वर्कशॉपचं वेगळ्या धाग्यावर.
सुमित, ताटली घरात कधी आली? आणि बाकीचे ५ रंग कुठले? हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं.

सानपाड्याचा_सुम्या | दुपारी ४:१२
त्याचा काय संबंध पण सांगतो. आत्याने दिल्या, ती तेव्हा पिट्सबर्गला होती, आमच्या सानपाड्याच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा आली होती १९९४ ला. गणपतीत परत येतेय म्हणून तर घाई. हातातून माझ्याच पडली, आईला अजून नीट सांगितलेलं नाही, कपाटात मागे सरकवलीये एवढंच. बाकीच्या: गुलाबी, मोरपंखी, फिकट पिवळी, फिकट हिरवी, आणि एक अबोलीसारखी.

नौपाड्याची_नात | दुपारी ४:४०
हे!! हेच पाहिजे होतं. अबोली म्हणजे अ‍ॅप्रिकॉट, तो ८६ ला आला आणि ९८ पर्यंत चालला. आता बघ, जांभळ्याच्या आसपासचे रंग बरेच झाले, पण प्लम २००२ चा, हेदर २००६ चा, मलबेरी तर आत्ताआत्ताचा. ९४ ला भारतात पोचलेल्या ताटलीचे यातले कुठलेच असू शकत नाहीत. उरले दोन. पेरिविंकल, जो ८९ ला आला आणि पुढे कित्येक वर्षं निघत होता. आणि लायलॅक, जो ९३ ते ९५ एवढाच निघाला.
गाइडबुकचा खरा उपयोग हा आहे. कुठला रंग कुठल्या साली आला, कधी बंद झाला, त्या रंगात कुठले आकार निघाले, ते तक्ते. लोक पुस्तक घेतात आणि मागची किमतींची यादी बघत बसतात, ती छापून येईपर्यंत शिळी झालेली असते. आणि पुस्तकातल्या फोटोवरून रंग तर कधीच ठरवू नये. पैठणीच्या दुकानात शेडकार्ड बघून साडी घेतो का आपण? दारात उजेडात नेऊन बघतो.

निवृत्त_नेरुळकर | सायं. ५:१५
तर्क मान्य. तरी दोनातली कुठली हा प्रश्न राहतोच.

नौपाड्याची_नात | सायं. ५:३२
हो काका. सुमित, उद्या सकाळी गॅलरीत पांढऱ्या कागदावर तुकडा ठेव, ऊन थेट नको. शेजारी कांद्याची पाकळी ठेव, लाल कांद्याची, आतल्या बाजूची. गुलाबीकडे झुकणारा तसला फिका जांभळा असेल तर लायलॅक. गोकर्णीचं फूल धुऊन धुऊन विटलं तर जसं दिसेल, निळं-करडं, तसं असेल तर पेरिविंकल. आणि ताटली किती इंची तेही मोज, डिनरची साडेदहा असते, त्याखालोखाल ९ ची, मग सव्वासात. न्यूजर्सीवाला चुकीची उचलून आणेल.

कोपरखैरणे_काकू | सायं. ६:००
कांदा किती महाग झालाय माहितीये का. आमच्याकडे सेक्टर १५ ला तर विचारू नका.

झणझणीत_ठाणेकर | सायं. ६:१०
काकू वाशी मार्केटला जा ना पहाटे, गोणी घ्या सरळ.

कोपरखैरणे_काकू | सायं. ६:१८
दोघांच्या घरात गोणी घेऊन काय करू?

सानपाड्याचा_सुम्या | गुरुवार, सकाळी ७:४८
कांदा. शंभर टक्के कांदा. बायको पण म्हणाली कांदाच. आई विचारत होती गॅलरीत कांदा कशाला नेलास, मग सांगावं लागलं सगळं. एक तास बोलली नाही. साडेदहा इंच आहे. मित्राला लायलॅक नाव कळवलं, त्याने नेटवर बघितलं, म्हणतो बाकीच्या रंगांपेक्षा बरीच महाग आहे, असं का? ताटलीच आहे ना शेवटी.

नौपाड्याची_नात | सकाळी ९:०५
दोनच वर्षं निघाली म्हणून. रंग बंद होणार कळल्यावर लोक तुटून पडले होते. मित्राला सांग विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागव, आणि काठावर टवका नाही ना ते बोट फिरवून बघायला लाव, फोटोत दिसत नाही. थोडे चाकू-काट्याचे ओरखडे असले तर चालतील, तुमच्याही बाकीच्या ५ वर असतीलच. कोरी करकरीत आणलीस तर उलट तीच वेगळी दिसेल.
आत्या पिट्सबर्गला होती म्हणजे तिने न्यूवेलला फॅक्टरीच्या दुकानातून घेतल्या असतील, तिथून जवळच आहे ते. तिथे सेकंडचा मालही मिळतो. नवी शेजारी ठेवल्यावर ग्लेझमध्ये उन्नीस-बीस दिसलं तर घाबरू नकोस.

पामबीच_पाखरू | सकाळी ९:४०
जुनीचे तुकडे मला दे ना मग. वर्कशॉपला लागतात.

सानपाड्याचा_सुम्या | सकाळी १०:१५
तुकडे आई देणार नाही म्हणते, तुळशीच्या कुंडीत बसवणार आहे. ते साडेनऊशेचं पुस्तक कोणाला हवंय का? जुन्या मालाचं. माझ्या काही कामाचं नाही.

नौपाड्याची_नात | सकाळी १०:१७
मला!! माझं पावसाच्या गळतीत भिजून गेलं होतं. पैसे देते. वाशी स्टेशन, शनिवारी?

सानपाड्याचा_सुम्या | सकाळी १०:२०
शनिवारी नाही, रात्री मित्राचं विमान सुटेपर्यंत मी फोन धरून बसणार. रविवारी ११ ला, सानपाड्याच्या बाजूच्या जिन्याखाली.

निवृत्त_नेरुळकर | सकाळी १०:५५
पुस्तकात त्या लाल रंगाचं पान असेल तर त्याचा फोटो इथे टाकाल का?

झणझणीत_ठाणेकर | सकाळी ११:३०
या ताटल्या मायक्रोवेव्हमध्ये चालतात का?