मदत हवी आहे : पहिला ट्रॅक डे, गाडी चालवत न्यावी की टेम्पोत?

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर (3.7 किमी, 12 वळणं) ट्रॅक डेला (आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) पहिल्यांदाच मोटरसायकल फिरवणार आहे. नवशिक्यांच्या गटात नाव दिलंय. गाडी अपाचे आरआर 310, कंपनीतून आली तशीच. टायर मिशलिन रोड 5, नक्षी भरपूर शिल्लक. ब्रेक ऑइल नवं, डॉट 4 दर्जाचं भरलंय, चेन बघून घेतलीय. लेदर सूट भाड्याने मिळतोय, हेल्मेट-बूट माझे आहेत. यवतेश्वर घाटात वळणं घेऊन ‘सराव झाला’ म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. समोरून एसटी येणाऱ्या रस्त्यावर ते शिकायचं नसतं.

अडलंय ते असं. साताऱ्याहून आपलाच पुणे-बेंगळुरू हायवे पुढे चेन्नईकडे थेट सर्किटपाशी जातो, पण अंतर हजारेक किलोमीटर. चालवत नेली तर मागचा टायर मधोमध चपटा होईल आणि तिथे पडलो तर परत कशी आणायची? टेम्पोचं भाडं एकट्याला झेपत नाही. कोणी सातारा-सांगलीकडून रेल्वे पार्सलने गाडी नेलीय का? पेट्रोल काढून, पॅकिंग करून किती दिवस आधी द्यावी लागते?

दुसरं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) काढून साधं पाणी भरायला सांगतात (कूलंट सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो म्हणून). मग परतीच्या प्रवासाआधी तिथेच पुन्हा कूलंट भरता का?

आणि याच टायरमध्ये, टायर गार असताना, हवा किती ठेवता, पुढे-मागे?