अनुभव धागा : मैदा-साखर कमी केल्यावर काय बदललं?

वजनाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. इथे बाकीचं लिहा: भूक, झोप, सांधे, रक्ताचे रिपोर्ट. औषधं चालू असतील तर तेही आवर्जून सांगा, नाहीतर अनुभवाचा अर्थच लागत नाही.

प्रतिसाद १
माझे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) कायम १५०च्या वर. तेलकट खाणं जवळजवळ बंद केलं तरी आकडा हलेना. डॉक्टरांनी विचारलं, "गोड पेयं किती पिता?" गरजेपेक्षा जास्त साखर आली की यकृत तिची चरबी बनवून रक्तात सोडतं, हे तेव्हा कळलं. पॅकबंद ज्यूस थांबवले आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली आला.

प्रतिसाद २
मला संधिवात आहे. सकाळी बोटं इतकी आखडायची की बरणीचं झाकण फिरत नसे. साखर सोडली की संधिवात जातो, असं लोक छातीठोकपणे सांगतात. माझा गेला नाही, गोळ्या चालूच आहेत. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) मात्र उतरला. पण त्याच काळात पोटाचा घेरही कमी झाला होता, आणि पोटातली चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सारखी दाह वाढवणारी द्रव्यं सोडत असते. मग श्रेय साखरेला द्यायचं की घेराला? माझ्या डॉक्टर म्हणाल्या, वेगळं काढता येणार नाही. आणखी एक, साध्या सर्दी-तापातही सीआरपी वाढतो. तब्येत बरी असतानाच तपासा.

प्रतिसाद ३
दुपारची पेंग गेली. पाव सोडलेला नाही, फक्त आधी भाजी आणि अंडी, पाव शेवटी. जेवणानंतर थोडं चालतो.

प्रतिसाद ४
मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा. वडिलांना ग्लिमेपिराइड चालू आहे. जेवणातला मैदा, भात एकदम कमी झाला, गोळी तेवढीच राहिली. संध्याकाळी दरदरून घाम, हात थरथरताहेत, ग्लुकोमीटरवर ५८! ७०च्या खाली म्हणजे धोका. लगेच साखरपाणी दिलं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोस कमी केला. आहार बदलण्याआधीच त्यांच्याशी बोला, कळकळीची विनंती.

प्रतिसाद ५
'ब्राउन' ब्रेड घेताना घटकांची यादी वाचा. पहिला घटक मैदा असेल तर तो रंगापुरताच ब्राउन. आणि एचबीए१सी तपासणीची घाई नको, त्यात रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दिसते.