मोल्ड लेव्हलपेक्षा स्टॉपरची पोझिशन बघा
स्टीलच्या कंटिन्युअस कास्टिंगमध्ये (वितळलेलं स्टील सलग साच्यात ओतताना) स्टॉपर रॉडचा, म्हणजे नोझलमधून पडणारं स्टील कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचा, कंट्रोलर नीट ट्यून केला की मोल्ड लेव्हल, म्हणजे साच्यातली स्टीलची पातळी, हलत नाही असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. ॲल्युमिनियम किल्ड स्टील (ॲल्युमिनियम घालून ऑक्सिजन काढलेलं) असेल तर नोझलमध्ये आतून ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर चढत जातो, तेवढंच स्टील सोडायला स्टॉपर हळूहळू वर उचलला जातो आणि स्क्रीनवर लेव्हलची रेघ मात्र सरळच दिसते. मग थर मधेच निखळला की एकदम जास्त स्टील खाली येतं, लेव्हल उसळते, मोल्ड पावडर (साच्यातल्या स्टीलवर टाकलेली भुकटी) आत ओढली जाते.

थर चढू नये म्हणून नोझलमध्ये आरगॉन वायू सोडतातच, पण खरा इलाज लॅडलमध्येच (वितळलेलं स्टील आणणाऱ्या मोठ्या बादलीत), कॅल्शियम वायर घालून, म्हणजे ॲल्युमिना द्रव होतो आणि चिकटत नाही. फक्त आधी सल्फर खाली आणा, नाहीतर कॅल्शियम सल्फाइड होऊन तेच नोझल परत चोंदतं.