जुनी ८०० सोडून नवी माउंटन स्लेड (डोंगरातली स्नोमोबाइल) घेतली: टर्बोची खरंच गरज आहे का?

कोल्हापूर_ते_कॅलगरी
मंडळी, मार्च आला की आपल्या ग्रुपात एकच विषय, स्प्रिंग ऑर्डरला (पुढच्या सीझनच्या मशीनच्या आगाऊ बुकिंगला) डिपॉझिट भरायचं का, आणि भरायचं तर साधी ८५० सीसीची की टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी. मी बरीच वर्षं २०१२ ची स्की-डू समिट ८०० ई-टेक चालवली, १५४ इंची ट्रॅकवाली (ट्रॅक म्हणजे खालचा फिरता रबरी पट्टा). आता नव्या जेन-५ चॅसीची समिट ८५० घेतलीय, १६५ ट्रॅक, टर्बो नाही. बदलायचीच असेल तर चॅसीसाठी बदला, हॉर्सपॉवरसाठी पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते का ते सांगतो.

फरक कळतो तो साइडहिलला, म्हणजे डोंगराच्या उतारावर आडवं जाताना. जुन्या मशीनला एका फूटबोर्डवर दोन्ही पाय आणून, हँडलबार उताराकडे वळवून, अक्षरशः अंगाचं सगळं वजन टाकून ती डोंगराकडे कलती करावी लागायची, आणि कलली की तिथेच धरून ठेवायला खांदे भरून यायचे, जरा थ्रॉटल सुटला की स्लेड सपाट होऊन खाली झाडांकडे निघाली. स्की-डूने २०१३ च्या मॉडेलपासून टी-मोशन आणलं, त्यात मागचं सस्पेन्शन आडवं थोडं झुकतं, म्हणजे माझी जुनी त्याच्याही आधीची. नवीला पायाचा अंगठा दाबला तरी ती कलते, आणि कललेली राहते. दुपारी दोननंतर माझ्यात जी ताकद उरते ती पूर्वी उरायची नाही, आणि माणूस थकला की चुकीची लाइन घेतो, म्हणून मी याला चैन म्हणत नाही.

आता टर्बो. उंचावर हवा विरळ होते, म्हणून टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. आम्ही जातो कुठे, ब्रिटिश कोलंबियात, रेव्हलस्टोकचा बोल्डर माउंटन, सिकामूसचा आउलहेड, गोल्डनचा क्वार्ट्झ क्रीक, म्हणजे बहुतेक वेळ सात-साडेसात हजार फुटांच्या आतबाहेर. तिथे १६५ हॉर्सपॉवरचे १३० च्या आसपास उरतात. आमच्यासारख्या शनिवार-रविवारच्या लोकांना झाडांमधून जायला १३० कमी पडतात असं ज्याला वाटतं त्याने तरी मला समजावून सांगावं. टर्बोचे वरचे काही हजार डॉलर वाचवा आणि त्यात हिमस्खलनात वर ठेवणारी एअरबॅग घ्या आणि ए-एस-टी (हिमस्खलन सुरक्षेचा) कोर्स करा.

डेन्व्हरचा_नाना
दादा, तुझं गणित तुझ्या डोंगरासाठी बरोबर आहे, पण तू ते सगळ्यांना लावतोयस तिथे माझा आक्षेप आहे. आमच्याकडे कोलोरॅडोत व्हेल पासचा रस्ताच १०,६६२ फुटांवर आहे, गाडी पार्क केली तिथेच तुझ्या सगळ्यात उंच टोकापेक्षा आम्ही वर. तुझ्याच ३ टक्क्यांनी मोज, अकरा हजार फुटांवर एक तृतीयांश ताकद गेली, १६५ चे ११० उरले. स्की-डूने २०२० च्या मॉडेलला फॅक्टरी टर्बो टू-स्ट्रोक आणली ती ८००० फुटांपर्यंत १६५ टिकवते म्हणून आणली, पोलारिसने २०२२ ला पॅट्रियट बूस्ट आणली ती पण याच कारणाने. त्याच्या आधी लोक बाहेरचे टर्बो किट बसवायचे, वॉरंटी सोडायचे, ट्यूनिंगच्या मागे अर्धा सीझन घालवायचे, हे मी जवळून पाहिलंय.

आणि ताकद फक्त चढायला लागते हे मला पटत नाही. छातीइतक्या कोरड्या पावडरमध्ये ट्रॅकचा वेग पडला की स्लेड वर तरंगायची थांबते आणि जागेवर खड्डा खणते. मग ते उपसणं. अकरा हजार फुटांवर फावडं मारताना काय होतं ते इथल्या माणसालाच विचार, चार फावडी मारली की श्वास लागतो. माझ्या जुन्या टर्बो नसलेल्या मशीनवर दिवसातला बराच वेळ रुतलेली स्लेड काढण्यात जायचा, आता नाही जात. मला हे पैसे वसूल वाटतात, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर पुन्हा टर्बोच घेईन.

कोल्हापूर_ते_कॅलगरी
नाना, कोलोरॅडोसाठी मी वाद घालणारच नाही, तिथे घ्या. माझा राग आहे तो आमच्या इथल्या डीलरकडे उभं राहून सात हजार फुटांवर जाणाऱ्या नवशिक्याला टर्बो गळ्यात मारली जाते त्यावर. आमचा बर्फ जड असतो, ओलसर, रेव्हलस्टोकच्या खालच्या बाजूला तर रेनफॉरेस्टच आहे. अशा बर्फात तरंगायला लांब ट्रॅक आणि ३ इंची लग (ट्रॅकवरचे रबरी दाते) जास्त कामाला येतात. टर्बोचा बूस्ट नंतर.

वऱ्हाडी_एडमंटन
तुम्ही दोघंही एक गोष्ट धरूनच चाललात का नवी घ्यायचीच. मी म्हणतो कायले? माझ्याकडे २०११ ची ८०० आहे, अजून ठणठणीत. टू-स्ट्रोक इंजिन आहे ते, पिस्टन-रिंग ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचेच असतात, टॉप एंड (इंजिनचा वरचा भाग) मी स्वतः गॅरेजमध्ये उघडतो, सुटे भाग आणि गॅस्केट मिळून जो खर्च येतो तो नवीच्या एका वर्षाच्या घसाऱ्याच्या जवळपासही जात नाही. लोक म्हणतात जुनी ओढत नाही, अरे तुमचा क्लच बघा आधी! क्लचमधले वेट आणि स्प्रिंग तुम्ही ज्या उंचीवर चालवता त्याप्रमाणे बसवले नाहीत तर इंजिन पाहिजे त्या आरपीएमला जातच नाही, बेल्ट झिजलेला असला तर आणखी कमी. एडमंटनला दोन हजार फुटांवर सेट केलेला क्लच घेऊन व्हेलमाउंटच्या डोंगरावर जायचं आणि म्हणायचं मशीन म्हातारी झाली. यातली निम्मी माणसं शंभर-दोनशे डॉलरच्या कामासाठी वीस हजारांची मशीन बदलून आली.

अन् नव्या मशीनवर दहा इंची टचस्क्रीन, सेन्सर, सगळं वायरिंग. डोंगरात बंद पडली तर मी जुनीचा प्लग काढून बघू शकतो. नवीला डीलरचा कॉम्प्युटर लागतो.

सॉल्टलेकची_साताऱ्याची
वऱ्हाडी भाऊ, क्लचचं तुमचं शंभर टक्के बरोबर, ते सगळ्यांनी करावं. पण एक बाजू तुमच्यापैकी कोणीच मांडली नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ५४ किलो. जुनी मशीन अंगाचं वजन टाकून कलती करायची असं कोल्हापूरवाल्या दादांनी लिहिलंय ना, ते वजन माझ्याकडे नाहीच. जुन्या ८०० वर मी युटातल्या यूइंटा डोंगरांत नवऱ्याच्या मागे मागे, त्याने पाडलेल्या वाटेनेच जायचे, स्वतःची लाइन कधी घेतली नाही. रुतल्यावर पुन्हा सुरू करायला दोरी ओढायची तर कमरेपर्यंत बर्फात उभं राहून, एका बाजूला कललेल्या मशीनवर, ग्लव्ह ओले झालेले. मोठ्या सिलिंडरच्या इंजिनची दोरी ओढून बघा एकदा त्या अवस्थेत.

नवी घेतली ती १४६ ट्रॅकची, बटण स्टार्टवाली, हँडलबारचा रायझर माझ्या उंचीप्रमाणे लावून घेतला. आता झाडांमध्ये मी पुढे असते. म्हणून "जुनीच बरी" हे मला ऐकवत नाही, ती तुमच्या खांद्यांना बरी होती. आणि दादांना पण सांगायचंय, १६५ सगळ्यांना सुचवू नका, लांब ट्रॅक तरंगतो खरा पण अरुंद जागेत वळवायला नको होतो, सरळच जायला बघतो. हलक्या माणसाला तेवढा ट्रॅक लागतही नाही.

वऱ्हाडी_एडमंटन
ताई, हे मी मान्य करतो, तुमची गरज वेगळी आहे अन् तुम्ही नवी घेतली ते योग्यच. मी बोलतोय ते सहा फुटी गड्यांबद्दल ज्यांना दर तिसऱ्या वर्षी नवा रंग पाहिजे.

पुण्यातून_वाचतोय
मध्येच विचारतो, गुलमर्गला आम्ही स्नोमोबाइल भाड्याने घेतली होती, ती एवढी अवघड वाटली नाही. ही माउंटन वाली वेगळी असते का?

डेन्व्हरचा_नाना
हो, फार वेगळी. तिथे दाबलेल्या बर्फावरून नेतात, त्या मशीनचा ट्रॅक आखूड, लग बुटके. माउंटन स्लेडचा ट्रॅक लांब, लग अडीच-तीन इंच उंच, पुढच्या स्की एकमेकींच्या जवळ म्हणजे कलायला सोपं. तीच मशीन कडक ट्रेलवर नेली की तापते, कारण कूलंट गार होतं ते ट्रॅकने उडवलेला बर्फ टनेलखालच्या कूलरवर बसतो तेव्हा. ट्रॅक ज्यावर सरकतो त्या रेलखालची हायफॅक्सची (प्लास्टिकची) पट्टी पण बर्फाच्याच ओलाव्यावर सरकते, कोरडी पडली की वितळते. म्हणून पार्किंगपासून वर जाईपर्यंत स्क्रॅचर खाली सोडतात, ते बर्फ खरवडून वर उडवतात. वऱ्हाडी भाऊ, हे जुन्यालाही तितकंच लागू.

आधी_बीकन_मग_थ्रॉटल
सगळं वाचलं. मला कोणाचीच बाजू पूर्ण पटली नाही, आणि मी जे लिहितोय ते जरा कडक वाटेल.

कोल्हापूरकर दादा, तुम्ही म्हणता टर्बोचे पैसे वाचवून कोर्स करा. चांगलं आहे. पण तुमच्या लेखातच आहे की नवी चॅसी अंगठ्याने कलते. म्हणजे जी जागा पूर्वी गाठायला माणसाला चार-पाच सीझन शिकावं लागायचं, तिथे तो आता पहिल्याच महिन्यात पोचतो, टर्बो असो वा नसो. त्या चार-पाच सीझनमध्ये तो नुसती स्लेड शिकत नव्हता, बर्फही शिकत होता. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, आणि नेमके तेच उतार आजच्या मशीनला सहज जमतात. २०१६ च्या जानेवारीत ब्रिटिश कोलंबियातल्या मॅकब्राइडजवळ एकाच अ‍ॅव्हलांचमध्ये पाच स्लेडर गेले. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर जगण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने पडते, म्हणजे हेलिकॉप्टर कामाचं नाही, सोबतचेच लोक कामाचे.

आणि आपल्या मराठी ग्रुपांत मी काय बघतो? एक जण उतारावर रुतला की दुसरा लगेच मदतीला त्याच उतारावर वर जातो, तिसरा खाली बरोबर मार्गात मशीन उभी करून मोबाइलवर व्हिडिओ काढतो. तोच मोबाइल छातीच्या खिशात, बीकनला (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणाऱ्या-पकडणाऱ्या यंत्राला) चिकटून. बीकन सर्च मोडला असताना मोबाइल आणि गरम ग्लव्हच्या बॅटऱ्या निदान ५० सेंटिमीटर लांब पाहिजेत, नाहीतर सिग्नल बिघडतो. मदतीला जाणं आपल्या रक्तात आहे, मला कळतं, पण उतारावर एका वेळी एकच माणूस, बाकीचे बाजूला सुरक्षित जागी, तोंड उताराकडे. रुतलेल्याने स्वतःच काढायची.

कोल्हापूर_ते_कॅलगरी
तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याचा अर्थ चांगली मशीन घेऊ नका असा होत नाही. दमलेला माणूस उतारावर जास्त रुततो, आणि रुतलेला माणूसच सगळ्यात धोक्यात, मला तर नव्या मशीनमुळे नको त्या उतारावरून बाहेर पडता येतं. आमच्या ग्रुपात नियम केलाय, सकाळी अ‍ॅव्हलांच कॅनडाचं बुलेटिन मोठ्याने वाचल्याशिवाय कोणी मशीन ट्रेलरवरून उतरवायची नाही.

आधी_बीकन_मग_थ्रॉटल
बाहेर पडता येतं हे दर वेळी खरं नाही दादा. स्लॅब, म्हणजे बर्फाचा घट्ट थर, तुटला की तो तुमच्याभोवती सगळीकडून तुटतो. बुलेटिनचा नियम मात्र उत्तम, तो सगळ्यांनी उचलावा.

डेन्व्हरचा_नाना
अजून एक, नवी घेणाऱ्यांनी कंपनीचं भविष्य पण बघा. यामाहाने २०२३ मध्येच सांगितलं की २०२५ मॉडेलनंतर स्नोमोबाइल बंद. आर्क्टिक कॅटचं उत्पादन मध्ये थांबवलं होतं आणि २०२५ मध्ये टेक्स्ट्रॉनने ती विकली, नवे मालक पुन्हा उभी करतायत. तिची कॅटॅलिस्ट चॅसी हलकी आहे, माझा मित्र तिच्यावर खूश आहे, तरीही पार्ट किती दिवसांत येतो ते आपल्या गावातल्या डीलरला विचारूनच ठरवा. फेब्रुवारीत स्लेड तीन आठवडे पार्टची वाट बघत पडली तर सीझन गेला.

वऱ्हाडी_एडमंटन
हेच तर म्हणतो मी नाना! माझ्या मॉडेलचे पार्ट सॅल्व्हेज यार्डात ढिगाने पडलेत. मी काही डिपॉझिट भरत नाही यंदा.

सॉल्टलेकची_साताऱ्याची
भाऊ, नका भरू. पण वहिनींना चालवायची असेल तर त्यांना एकदा माझ्याकडे पाठवा, १४६ वर बसवून लोगनच्या फ्रँकलिन बेसिनला घेऊन जाते. बीकनवाल्या दादांनो, बायकांसाठी मराठीतून एक दिवसाचं बीकन प्रॅक्टिस घ्याल का? जागा आणि चहा-पोह्यांचं मी बघते.

आधी_बीकन_मग_थ्रॉटल
घेतो ताई. डिसेंबरचा पहिला आठवडा धरा, फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची काठी) प्रत्येकीने स्वतःचा आणायचा, नवऱ्याचा नाही.